रेडकरांची उडी

"अहो रेडकर, उडी मारू नका! तुमच्या पाया पडते, उडी मारू नका!"

केतकी ओरडत होती. केतकी म्हणजे आमच्या सहलीची टूर मॅनेजर. डोंबिवलीची, वय जेमतेम सव्वीस, आणि आम्हा मंडळींबरोबर आठ दिवस काढल्यावर दिसायला बेचाळीस. आम्ही होतो स्वित्झर्लंडात, आल्प्सच्या ऐन पोटात, एका काचेच्या डब्यात. डबा तारेला लटकलेला. खालची दरी एवढी खोल, की आमचं अख्खं मुलुंड उचलून तिच्यात टाकलं असतं तरी खाली पडल्याचा आवाज यायला दुसरा दिवस उजाडला असता. डब्यात चाळीस माणसं, त्यातली तीस आमची, बाकीची बिचारी त्या देशाची. आणि मधोमध हाताची घडी घालून, माकडटोपी हनुवटीपर्यंत ओढून, गुडघे किंचित वाकवून उभे गजानन रेडकर.

गुडघ्यांचा तो वाक मी ओळखत होतो.

"रेडकर," मी म्हटलं, "हे मुलुंड नाही."

"यंत्र सगळीकडे यंत्रच असतं, सेक्रेटरी," ते म्हणाले आणि त्यांनी उडी मारली.

साधीसुधी नव्हे. दोन्ही पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर आणि मग ऐंशी किलो वजन एकदम खाली. डबा झुलला. तेहतीस कोटींतले दहा देव एकाच वेळी बोलावले गेले. घाटकोपरच्या छेडाबेन, ज्यांच्या पिशवीत खाखऱ्याचा साठा एवढा होता की लढाई झाली असती तर अख्ख्या गावाला महिनाभर पुरला असता, त्या किंचाळल्या, "अरे रेडकरभाऊ, मरवुं होय तो एकला मरो ने!" आणि नेमका त्याच क्षणी डबा थांबला. अधांतरी. पुढे नाही, मागे नाही.

वारा वाढला म्हणून वरच्या स्टेशनावरून दोन मिनिटं थांबवला होता, हे नंतर कळलं. पण डब्यातल्या चाळीसही जणांची खात्री होती, की आल्प्स या एका मालवणी माणसाने बंद पाडला. कोपऱ्यात कळ दाबून बसलेला तिथला ऑपरेटर उठला. माणूस एवढा मोठा, की त्याच्या दाढीतच एखादी बकरी हरवली असती. तो रेडकरांसमोर येऊन त्यांच्याकडे बघत राहिला.

"लोड टेस्ट," रेडकरांनी त्याला शुद्ध मराठीत समजावलं. "ब्रेक लागतो. पण झोला जास्त आहे. दाखला कुठे लावलाय? तपासणीचा दाखला? दर्शनी भागात लावायचा असतो."

दाढीवाला काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" रेडकरांनी केतकीला विचारलं.

"खाली बसा म्हणतो," केतकी म्हणाली. ती रडायच्या बेतात होती.

"दाखला नाही म्हणजे नाहीच," रेडकर आमच्याकडे वळून म्हणाले. "शेरा लिहा. असमाधानकारक."

तर हे आमचे रेडकर. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले लिफ्ट इन्स्पेक्टर. उभ्या मुंबईत त्यांनी किती लिफ्ट तपासल्या ते त्यांनाही आठवत नाही, पण प्रत्येक लिफ्टमध्ये एकदा उडी मारली एवढं नक्की. नियमात उडी कुठेही नाही. वजनं ठेवून चाचणी करायची असते म्हणे. पण रेडकरांचा वजनांवर विश्वास नाही. "वजन गप्प उभं राहतं," ते म्हणतात, "माणूस राहतो का?" निवृत्तीनंतर उडी सुटायला हवी होती, ती वाढली. पवईच्या एका चकचकीत ऑफिसात पुतण्याला भेटायला गेले, तिथल्या लिफ्टमध्ये उडी मारली आणि बाराव्या मजल्यावरचे सगळे टाय लावलेले लोक भूकंप समजून जिन्याने खाली आले. जिन्याने उतरणं बरोबर होतं, एवढंच त्यांचं त्यावर म्हणणं.

शेरे तीनच. 'असमाधानकारक', 'अत्यंत असमाधानकारक' आणि तिसरा 'तूर्त चालेल'. हा तिसरा म्हणजे देवदुर्लभ चीज. माझ्या समोर त्यांनी तो एकदाच दिला, बायकोने केलेल्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीला. तोही पानातला तिसरा बांगडा संपल्यावर. लग्नाच्या पंगतीत बसले की वाढप्याला 'अत्यंत असमाधानकारक' सांगणार. डॉक्टरने रक्तदाब मोजला की त्याच्या यंत्राला 'असमाधानकारक'. आमच्या सोसायटीच्या गणपतीत एकदा आरती संपल्यावर सगळे शांत उभे असताना त्यांच्या तोंडून शेरा निघाला होता, पण तो कुणाला होता हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

आणि आता गंमत ऐका. हा लिफ्टचा कर्दनकाळ राहतो कुठे? तर आमच्या मुलुंडच्या 'उत्तुंग' सोसायटीत. उत्तुंग म्हणजे तळमजला अधिक तीन. लिफ्ट नाही. रेडकर राहतात तिसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर, आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी.

दर वर्षी जनरल बॉडीत रेडकरांचा एकच ठराव: इमारतीला बाहेरून लिफ्ट बसवावी. दर वर्षी स्वतः काढलेला नकाशा, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे, फूटपट्टी लावून. आणि दर वर्षी त्या नकाशातला लिफ्टचा चौकोन येऊन उभा राहतो तो थेट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. या खिडकीत बसून मी वीस वर्षं सकाळचा चहा पितो. समोर बदामाचं झाड आहे. त्यावर एक पोपट येतो. पोपट म्हणजे कावळाच, पण लांबून हिरवा वाटतो. आता या सगळ्यासमोर एक लोखंडी पिंजरा उभा करायचा आणि त्यातून दिवसभर तिसऱ्या मजल्याची माणसं माझ्या चहाच्या कपात डोकावत वर-खाली करणार? मी काय वेडा आहे?

त्यामुळे सहा वर्षं मी हा ठराव मोठ्या प्रेमाने मारत आलो. एकदा कोरम नाही म्हणून. एकदा नोटीस चौदा दिवसांऐवजी तेरा दिवसांची झाली म्हणून. एकदा चहा आला म्हणून. रेडकर प्रत्येक वेळी उभे राहायचे आणि शाफ्टची रुंदी, काउंटरवेटचं वजन, दाराची उघडमीट, असं पाऊण तास बोलायचे. लोक जांभया द्यायचे. मला सोपं जायचं. माणसाने जन्मभर लिफ्ट तपासल्या, आता घरी करमत नाही म्हणून खेळायला एक लिफ्ट हवी, असं मी सगळ्यांना खासगीत सांगत असे आणि सगळ्यांना ते पटत असे.

हां, रेडकर वहिनींचे गुडघे गेलेले आहेत, हे खरं. हृदयाच्या त्रासामुळे ऑपरेशन करता येत नाही, हेही खरं. तीन वर्षं त्या स्वतःच्या पायांनी खाली आलेल्या नाहीत. डॉक्टरकडे न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघं जण जिन्याने उतरवतात. त्या खुर्चीचा एक पाय माझ्या हातात असतो, म्हणजे मी काही माणुसकी सोडलेली नाही. पण रेडकरांनी सहा वर्षांत मीटिंगमध्ये बायकोबद्दल ब्र काढला नाही. बोलले ते काउंटरवेटबद्दल. मग मी तरी का काढू?

तर असा हा माणूस आल्प्सला निघाला, हेच मुळात आश्चर्य. त्याहून आश्चर्य म्हणजे एकटा निघाला. आमच्या मंडळींत चर्चा झाली, की वहिनींनी दहा दिवस सुटका करून घेतली. मी तर त्यांना मनातल्या मनात दाद दिली. माझी बायको विमानात बसत नाही, त्यामुळे मीही एकटा. केतकीने यादी बघितली आणि आम्हा दोघांना एका खोलीत टाकलं. त्या पोरीचं माझ्याशी काय वैर होतं कोण जाणे.

आम्ही उतरलो होतो ते गाव मात्र, काय सांगू, छोटंसं होतं. नाव लिहीत नाही, कारण आमच्यापैकी कुणालाच ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही; छेडाबेन त्याला 'पेलुं गाम' म्हणत आणि रेडकर 'ता गाव'. सगळी लाकडी घरं, सगळ्या खिडक्यांत लाल फुलं, सगळ्या गल्ल्या एवढ्या स्वच्छ की आमच्यातल्या दोघांनी चपला हातात घेतल्या. आणि कुठेही उभं राहून मान वर केली की बर्फाचे डोंगर, असे की बघणाऱ्याला आपलं सगळं आयुष्य मुलुंडात गेल्याची लाज वाटावी.

रेडकरांना वाटली नाही.

पहिल्या दिवशी धबधबा. कड्यावरून पाणी पडतंय, मधेच हवेत विरून जातंय, त्यावर इंद्रधनुष्य. बसमधल्या बायकांनी 'अय्या' म्हणून श्वास धरला. रेडकर म्हणाले, "आपल्या गच्चीवरची टाकी भरली की अशीच वाहते. कुणीतरी पंप बंद करा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी तलाव. हिरवं पाणी, लाकडी बोट, काठावर हंस. "पवई," रेडकर म्हणाले. "पवईतनं मगरी काढा, काठावरची ऑफिसं काढा. हाच."

बर्फाची गुहा दाखवायला केतकी आम्हाला दीड तास चालवत घेऊन गेली. आत निळा उजेड, भिंतीला हात लावला तर काचेसारखी गार. मला तर वाटलं मी देवाच्या फ्रीजमध्ये आलो. रेडकरांनी भिंतीचा वास घेतला. "भाऊच्या धक्क्यावर सुरमई ठेवतात त्यात आणि यात फरक काय? तिथं निदान सुरमई असते." बाहेर येताना त्यांनी गाइडला मराठीत सांगितलं, की आमच्याकडे जोगेश्वरीला गुंफा आहे, ती दगडात खोदलेली आहे, आणि उन्हाळ्यात वितळत नाही. गाइडने हसून मान डोलावली. रेडकरांनी त्याच्या मान डोलावण्यालाही शेरा दिला.

परदेशात रेडकर मराठीशिवाय बोललेच नाहीत. दुकानदार, वेटर, पोलीस, सगळ्यांशी मराठी, आणि तीही ठणाणा. जन्मभर मोटर रूममध्ये उभं राहून कान निम्मे गेलेले, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्याचं भाषण. गावच्या चौकात घड्याळाचा मनोरा आहे, बाराच्या ठोक्याला त्यातून लाकडी अस्वलं बाहेर येऊन नाचतात. शंभरेक माणसं श्वास रोखून बघत होती आणि त्या शांततेत आमचा आवाज घुमला, "तिसरं अस्वल अडकतंय! तेल घाला!" आणि मेली गंमत अशी, की तिसरं अस्वल खरंच अडकत होतं.

एक गोष्ट मात्र रोजची. दुपारी बरोबर एक वाजता, म्हणजे मुलुंडात साडेचार, रेडकर घोळक्यातून उठून लांब जायचे आणि घरी फोन लावायचे. जेवण समोर असो, बस सुटत असो. एकदा केतकीने तीस माणसांची बस दहा मिनिटं थांबवून धरली. आम्ही खिडकीतून बघत होतो. ते दरीकडे पाठ करून हातवारे करत होते.

"वहिनीला पण शेरे देत असतील," मी म्हटलं.

"बिच्चारी," छेडाबेन म्हणाल्या आणि त्यांनी सहानुभूतीने खाखरा मोडला. "दहा दिवस शांती मिळाली असती, ते पण फोनने खाल्ली."

तर आता परत डब्यात या. लटकलेल्या.

दोन मिनिटांनी डबा हलला आणि वर पोचला. पोचल्याबरोबर आमची मंडळी अशी बाहेर पळाली, की जणू रेडकर अजून एक उडी मारणार आहेत. वर स्टेशन, हॉटेल, दुकान, आणि त्याच्याही वर डोंगराच्या टोकावर एक मोठा सज्जा. तिथून म्हणे तीन देशांतले डोंगर दिसतात. आम्ही सज्जात गेलो आणि फोटो सुरू झाले. डोंगरांसमोर मी, डोंगरांसमोर छेडाबेन, डोंगरांसमोर खाखरा. पाऊण तास झाला. केतकीने माणसं मोजली. एकोणतीस.

"काका," ती माझ्याकडे आली. तिचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा. "तुमचे रूममेट नाहीत. त्यांनी कुठे उडी..."

"यंत्राशिवाय मारत नाहीत," मी म्हटलं आणि शोधायला निघालो.

सापडले ते खाली स्टेशनात. स्टेशनापासून सज्जापर्यंत जायला एक साधी लिफ्ट होती, तिच्या दारासमोरच्या बाकावर बसले होते. डोंगरांकडे पूर्ण पाठ. मागे एवढी मोठी काच, काचेत सगळा आल्प्स उभा, आणि हा माणूस लिफ्टच्या दाराकडे बघतोय. मला हसू आवरेना. कुत्र्याला राजवाड्यात नेलं तरी तो खांबच शोधणार, असं काहीतरी मी तोंडावर म्हणणार होतो. पण तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं.

आतून एक म्हातारी आली. चाकाच्या खुर्चीत. पायांत जाड लोकरी मोजे, गुडघ्यांवर शाल, हातात आइस्क्रीम. एवढ्या थंडीत आइस्क्रीम! मागून तिचा म्हातारा खुर्ची ढकलत होता आणि ती त्याला काहीतरी रागावून सांगत होती, बहुतेक हळू चालव म्हणून. लिफ्टच्या उंबऱ्यावरून खुर्ची बाहेर आली. धक्का नाही, हादरा नाही. आइस्क्रीमचा थेंबही सांडला नाही.

रेडकर उठले. म्हातारी पुढे गेल्यावर ते त्या लिफ्टसमोर गुडघ्यांवर बसले, आतल्या खिशातून त्यांची सहा इंची स्टीलची पट्टी काढली आणि लिफ्टची जमीन आणि बाहेरची जमीन यांच्या मधली फट मोजली. माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"किती?" मी विचारलं. आता विचारल्याशिवाय राहवेना.

ते दचकले नाहीत. वर बघितलंही नाही. "फरक नाही," ते म्हणाले. "एका पातळीत आहे." मग पुन्हा मोजलं. "ही चौथी. चाकाची खुर्ची. मी आल्यापासून चौथी बाई."

मी शेऱ्याची वाट बघितली. शेरा आला नाही.

त्यांनी घड्याळ बघितलं. एक वाजत होता. पट्टी खिशात ठेवून ते काचेशी गेले. मी निघायला हवं होतं, हे कबूल. पण मी सेक्रेटरी आहे, लोकांचं बोलणं ऐकणं हा माझा वीस वर्षांचा सराव. चित्रांची कार्डं विकायला ठेवली होती त्या स्टँडच्या मागे मी उभा राहिलो आणि एका गाईच्या चित्राकडे टक लावून बघू लागलो. रेडकरांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला, कारण त्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही. मुलुंडच्या तिसऱ्या मजल्यावरचा आवाज आल्प्समध्ये खणखणला.

"पोचलात वर?"

"पोचलंय."

"क्यालेंडरातलो डोंगर आसा मां? दिसता?"

रेडकरांनी कोटाच्या आतून एक घडी केलेला कागद काढला. उघडला. त्यांच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडरचं पान. हे पान मी ओळखलं, खुर्चीचा पाय धरायला जातो तेव्हा फ्रीजच्या वर लावलेलं दिसायचं. कुठल्या तरी जुन्या वर्षाचा जुलै महिना. साल उलटलं, पण पान कुणी काढलं नव्हतं, वर तेलाचे डाग पडलेले, आणि चित्र म्हणजे हाच डोंगर. तिरका सुळका, खाली तळं, तळ्यापाशी पांढरं चर्च. सुळक्याभोवती कुणीतरी पेनाने बारीक गोल केलेला.

त्यांनी पान काचेला लावलं. एक डोळा मिटला. पान सरकवलं. आणि तेवढ्यात, मी थोडं वाढवून सांगतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण हे अजिबात वाढवलेलं नाही, समोरचा ढग बाजूला झाला आणि तो सुळका आख्खाच्या आख्खा उन्हात उभा राहिला. सोन्यासारखा वगैरे काही म्हणत नाही. माझ्या मागे दुकानात कुणीतरी पैसे देत होतं, ते देता देता थांबलं.

रेडकर बघत राहिले. फोन हातात. बराच वेळ.

"आयकतास मां?" वहिनींचा आवाज. "कसो आसा?"

"काय नाय गो," रेडकर म्हणाले. "डोंगर आसा. वर पांढरा आसा. बस. आपल्या मुलुंडच्या टेकडीर चुनो ओतलो तर असोच दिसतलो."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "आणि तळा?"

"पवई म्हटलंय मां तुका."

"मरे, फोनवर दाखवा तरी."

"नेटवर्क नाय."

माझ्या खिशातल्या फोनवर नेटवर्कच्या चारही दांड्या होत्या.

"मगे माझा काय बघूचा चुकला नाय म्हणा," वहिनी म्हणाल्या.

"काय एक नाय चुकला. थंडीन दात वाजतत, चाय पुळकवणी, आणि माणसां खय बघतत काय बघतत. तू थयच बरी. गोळी घेतलंस?"

"घेतलय."

फोन बंद झाला. त्यांनी पान मूळच्या घडीवर घडी केलं, आतल्या खिशात ठेवलं आणि वरून खिसा दोनदा थोपटला. मग पुन्हा येऊन लिफ्टसमोरच्या बाकावर बसले. मी गाईच्या चित्राचं कार्ड विकत घेतलं. का घेतलं, कुणाला पाठवणार होतो, आजतागायत मला सांगता येत नाही. ते माझ्या फ्रीजवर आहे.

खाली उतरून बसमध्ये बसल्यावर छेडाबेननी त्यांना विचारलं, "केम रेडकरभाऊ, वरचा सीन कसा वाटला?"

"अत्यंत असमाधानकारक," रेडकर म्हणाले.

दोन महिन्यांनी जनरल बॉडी. रविवार सकाळ, पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर बिस्किटं. विषय क्रमांक नऊ. रेडकर उभे राहिले, कॅलेंडरच्या पाठीमागचा नकाशा उलगडला. या वेळी त्यात नवीन काय, तर दाराशी एक ओळ लाल शाईने: 'उंबऱ्याला फरक नसावा.' ते काउंटरवेटवर आले तशा पहिल्या जांभया सुटल्या. नोटीस या वेळी बाराच दिवसांची होती. ठराव मारायचा म्हणून नव्हे, माझ्याच आळसाने. पण हत्यार आयतं माझ्या हातात होतं.

मी उभा राहिलो. "तळमजल्याची हरकत मागे घेतो," मी म्हटलं.

पार्किंगमध्ये कुणाच्या तरी हातातलं बिस्किट मोडून खाली पडलं. पहिल्या मजल्यावरच्या कुणीतरी हळूच विचारलं, उंचीवर गेल्याने मेंदूला हवा कमी पडते का. माझ्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी दुसरं लग्न जाहीर केलं.

आणि ज्याने आनंदाने उडी मारायची, तो माणूस माझ्याकडे संशयाने बघत होता. "का?" रेडकर म्हणाले.

आता काय सांगणार? कार्डांच्या मागे लपलो होतो, हे? "खिडकीतून फार ऊन येतं," मी म्हटलं.

"तुमची खिडकी उत्तरेला आहे. ऊन येत नाही."

"मग पोपट त्रास देतो."

"तो कावळा आहे."

"अहो, हो म्हणतोय ना मी!" मी ओरडलो. "लिहून घ्या कुणीतरी, एकदाचं!"

"कारण असमाधानकारक," रेडकर म्हणाले आणि खाली बसले. ठराव मात्र मंजूर झाला.

परवानग्या, खड्डा, पिंजरा, दार, सगळं होऊन लिफ्ट उभी राहायला वर्षापेक्षा जास्त लागलं. माझं बदामाचं झाड पिंजऱ्याच्या मागे गेलं. कावळा पिंजऱ्यावर बसतो आणि आता जवळून दिसत असल्यामुळे त्याला पोपट म्हणायची सोय उरली नाही. मी चहा पीत असताना तिसऱ्या मजल्याची माणसं खरोखर माझ्या कपात बघतात. एकाने परवा साखर कमी करा म्हणून सांगितलं.

लिफ्ट सुरू झाली त्या सकाळी रेडकर आधी एकटे आत गेले. दार बंद झालं. आम्ही सगळे खाली उभे. वरून 'धप्प' असा आवाज आला. मग अजून एक. तीन मजले मिळून नऊ उड्या मारल्या त्या माणसाने. खाली येऊन दार उघडलं, गुडघ्यांवर बसून पट्टीने उंबरा मोजला.

"दार जोरात लागतं," ते म्हणाले आणि परत वर गेले.

पुढच्या खेपेला दार उघडलं तेव्हा आत वहिनी होत्या. काठी घेऊन उभ्या, नवी साडी, अंबाड्यात अबोलीचा गजरा. रेडकर त्यांच्या कोपराला हात लावून नव्हते, हात एक वीत अंतरावर धरून होते. त्या उंबऱ्यावरून बाहेर आल्या. हादरा नाही. गेटपर्यंत दहा पावलं, त्याला पाच मिनिटं लागली, आणि एकाही माणसाने, अगदी मीसुद्धा, मध्ये तोंड घातलं नाही.

गेटला हात टेकून त्या उभ्या राहिल्या आणि रस्ता बघू लागल्या. काय होतं त्यात? कोपऱ्यावरची भाजीची गाडी. उलटी लावलेली रिक्षा, तिच्यात पाय बाहेर काढून झोपलेला रिक्षावाला. मोबाईलच्या दुकानाचा नवा बोर्ड, तो लागून दोन वर्षं झाली होती. उसाच्या रसाचं चाक. त्या एकेका गोष्टीवर नजर ठेवून पुढे सरकत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर सज्जातली आमची एकोणतीस माणसं आली, डोंगरांकडे पाठ करून फोटो काढणारी.

रेडकर मागे लिफ्टच्या दाराशी होते. दार पुन्हा पुन्हा उघडमीट करून कान लावून ऐकत होते. आमच्याकडे बघत नव्हते, पण कान लिफ्टकडे नव्हता, हे सांगायला इन्स्पेक्टर लागत नाही.

मला राहवलं नाही. "वहिनी," मी म्हटलं, "आता पासपोर्ट बाहेर काढा. तुमचा तो कॅलेंडरातला डोंगर राहिलाय बघायचा."

त्यांनी भाजीच्या गाडीवरून नजर काढली नाही.

"हे स्वतः बघून आलेत ना," त्या म्हणाल्या. "तिथे बघण्यासारखं काही नाही."